टोपातलं पाखरू

नाटकगृहाच्या मागच्या अंगाला, रंगभूषेच्या खोलीला चिकटून एक लांबोडकी खोली होती. भिंतीभर फळ्या, आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेली लाकडी डोकी. एकावर राजाच्या बटा, दुसऱ्यावर म्हातारीचा पांढरा अंबाडा, तिसऱ्याला नुसतीच खलनायकाची दाढी लोंबकळत असायची. नवा माणूस दारातच दचकायचा. या सगळ्या मुंडक्यांच्या मधोमध, मांडीवर जाळी ताणून, बारीक आकडीनं त्या जाळीत एकेक केस गाठवत जो गृहस्थ बसलेला असायचा, ते टोपकाका. खरं नाव त्यांचं त्यांनाही सही करतानाच आठवत असावं.

आजोबा टोप करायचे, वडील टोप करायचे, आणि टोपकाका दोघांच्याही वरचढ निघाले. ‘माझ्या टोपाचा भांग शिंकेनं मोडत नाही,’ असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे आणि समोरच्या नटाला तिथल्या तिथे शिंकायला लावायचे. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि डोक्यावर कुरळे, दाट, कानशिलांपाशी बेतानं पिकलेले केस. त्या केसांचा त्यांना भारी अभिमान. तेही त्यांनीच गाठवलेले होते ना!

म्हणजे झालं होतं असं, की ऐन तारुण्यात, लग्न ठरलं त्याच वर्षी, टोपकाकांच्या केसांनी काढता पाय घेतला. बघता बघता डोकं तळहातासारखं झालं. टोपवाल्याच्या पोराला टोपाची काय वानवा? त्यांनी स्वतःसाठी एक झकास टोप केला, तो घालून लग्नाला उभे राहिले, आणि मग तो काढायची सोयच उरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! रात्री ते लोकरीची कानटोपी घालून झोपत. भर उन्हाळ्यातसुद्धा. ‘मला डोक्याला गारवा बाधतो,’ असं त्यांनी नव्या नवरीला सांगितलं, आणि नवरी ‘बरं’ म्हणाली.

पण केस म्हटले की वाढायला हवेत. टोपकाका काय कच्चे होते का? त्यांनी स्वतःचे तीन टोप केले होते. एक नुकतेच केस कापल्यासारखा, एक मधला, आणि एक मानेवर रुळणारा. आळीपाळीनं ते घालायचे. मानेवर रुळणारा चार दिवस मिरवला की चारचौघांत मोठ्यानं म्हणायचे, ‘केस फार वाढले बुवा, कापायला हवेत.’ मग नाक्यावरच्या न्हाव्याकडे जायचे. न्हावी त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं पडदा ओढून घ्यायचे, न्हावी रिकामी कात्री हवेत चालवायचा, गप्पा व्हायच्या, आणि टोपकाका छोटा टोप घालून मान झटकत बाहेर पडायचे. सगळं गाव फसलंय याबद्दल त्यांना केसभरही शंका नव्हती.

आता टोपवाल्याचा जन्माचा वैरी कोण? कसर. केस, लोकर, पिसं, जे सापडेल ते कुरतडणाऱ्या बारक्या अळ्या. महिनाभर खपून केलेली दाढी पेटीत ठेवावी आणि प्रयोगाच्या दिवशी उघडावी तर निम्मा हनुवटीचा भाग गायब! टोपकाकांनी कसरीला शिव्या दिल्या नाहीत असा दिवस गेला नसेल. शेवटी त्यांनी व्यवस्थापकाच्या मागे लागून लागून अख्ख्या खोलीला औषधाची धुरी द्यायची परवानगी मिळवली. दारं-खिडक्यांच्या फटी कागदानं चिकटवल्या. पेट्या, पोती, कपाटं सताड उघडली. धुरीवाल्यांना टोपकाका म्हणाले, ‘कसरीच्या बाबतीत काही कसर ठेवू नका हं!’ आणि स्वतःच इतके हसले, की धुरीवाल्यांना थांबावं लागलं.

काम चोख झालं. नंतर खोली उघडली तेव्हा मुंगीसुद्धा जिवंत नव्हती. टोपकाकांचे स्वतःचे छोटा आणि मधला टोप तिथल्याच पेटीत होते, तेही धुरीतून निघाले. मानेवर रुळणारा मात्र त्या दिवसांत त्यांच्या डोक्यावर होता.

पुढच्याच रविवारी दुपारचा प्रयोग होता. अंक बदलताना राजाची दाढी सुटल्यासारखी झाली, म्हणून टोपकाका डिंकाची बाटली घेऊन रंगमंचावर धावले. दाढी दाबून बसवली आणि आत आले. प्रयोग संपला. राजा आत येऊन मुकुट काढतो न काढतो, तोच एक बाई धापा टाकत त्या लांबोडक्या खोलीत शिरल्या. वय पन्नाशीच्या आसपास, चष्मा कपाळावर, आणि हातात चष्म्याचं घर असं धरलेलं, जणू आत दूध उतू जातंय.

‘हे तुमच्याकडून आलं का?’ त्यांनी विचारलं.

‘काय?’ टोपकाका म्हणाले.

बाईंनी घर किलकिलं केलं. आत तांदळाच्या दाण्याहूनही बारीक, सोनेरी पंखांचं एक पाखरू बसलं होतं.

‘मी पहिल्या रांगेत होते. दाढीवाले राजे मरायला टेकले होते, मी रडायच्या बेतात होते, आणि हे उडत आलं ते माझ्या बाहीवर! राजे मेले कधी ते मला कळलंच नाही.’

‘अरे वा,’ राजा म्हणाला. त्याला ते लागलं.

या बाई संग्रहालयात किड्यांच्या विभागात काम करायच्या. पतंगांच्या जातीतली बारकी पाखरं हा त्यांचा ध्यास. नाटकगृहातल्या मंडळींनी पुढे त्यांचं नावच पाखरूबाई पाडलं, तर आपणही तेच म्हणू. त्यांनी टोपकाकांच्या हातात भिंग दिलं.

टोपकाकांनी पाहिलं आणि भिंग आणखी जवळ नेलं. त्या टीचभरसुद्धा नसलेल्या जिवाच्या डोक्यावर केसांचा झुबका होता. नारिंगी, दाट, मधोमध जरा विस्कटलेला.

‘टोप!’ ते ओरडले. ‘याला टोप आहे!’

‘खरे केस आहेत ते,’ पाखरूबाई म्हणाल्या, आणि टोपकाका उगाचच खाकरले.

मग बाईंनी सांगितलं. हे पाखरू आपल्या देशाच्या डोंगरांखेरीज जगाच्या पाठीवर कुठेच नाही. रानबकऱ्यांचे गळून पडलेले केस खाऊन त्याच्या अळ्या वाढतात. बकऱ्या कमी होत गेल्या, तसं हेही दिसेनासं झालं. संग्रहालयात टाचणीवर टोचलेली जुनी, विटलेली दोन आहेत तेवढीच. ‘आम्ही याला मेलेल्यांत धरलं होतं हो! आणि हे नाटक बघत हिंडतंय!’

टोपकाकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ‘रानबकरी! आजोबा डोंगरात जाऊन झुडपांना अडकलेले बकऱ्यांचे केस गोळा करून आणायचे. रेशमासारखे असतात. त्याचं पोतं अजून आहे माझ्याकडे!’

‘कुठेय?’

पोतं कोपऱ्यातच होतं. दोघं गुडघ्यांवर बसून त्यात हात घालू लागली. आणि टोपकाकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. पोत्यात नुसता भुगा. वाळलेल्या अळ्या, रिकामे कोश, चुरा झालेले सोनेरी पंख. ज्यांना ते जन्मभर शिव्या देत आले ती कसर म्हणजे हीच सोन्याची कणी होती, आणि धुरी देऊन त्यांनीच तिचा निर्वंश केला होता.

‘मीच मारली सगळी,’ ते पुटपुटले.

‘तुम्हाला काय माहीत,’ पाखरूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्या उठून प्लायवूडच्या सिंहासनावर बसल्या आणि त्यांनी चष्म्याचं घर मांडीवर घेतलं. ‘हे एकटं काय करणार आता?’

राजानंही मुकुट छातीशी धरला. दुःखात टोपकाकांनी सवयीप्रमाणे कानामागे खाजवलं. हल्ली तिथे फार खाजायचं.

कानामागून एक सोनेरी पाखरू निघालं, कपाळावर आलं, भुवईवर बसलं.

‘हलू नका!’ पाखरूबाई किंचाळल्या.

टोपकाका थिजले. राजाही थिजला, खरं तर त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाई मांजराच्या पावलांनी जवळ आल्या. दुसरं पाखरू भांगातून डोकावलं. केसांत थोडं वर एक अळी आरामात मान हलवत होती.

‘अहो, ही तुमच्या डोक्यात राहतात!’

‘छे छे, उडत आली असतील कुठून तरी,’ टोपकाका ओठ न हलवता म्हणाले.

‘अळी उडते का?’ बाईंचे डोळे आता ताटाएवढे झाले होते. ‘म्हणजे हे जिवंत माणसाच्या केसांवर वाढतं! असं आजवर कधीही, कुणीही पाहिलेलं नाही! टोपकाका, तुम्हाला कळतंय का? तुम्ही… तुम्ही चालताबोलता डोंगर आहात!’ त्यांनी आनंदानं राजाला मिठी मारली, कारण टोपकाकांना हलवायचं नव्हतं. ‘उद्या दुपारी मी तज्ज्ञांना घेऊन येते. फोटोवालाही आणते. तुमचं डोकं जगभर पोहोचेल! तोवर धुऊ नका, विंचरू नका, आणि कृपा करून केस कापायला जाऊ नका!’

टोपकाका नाटकगृहातून निघाले ते मान ताठ धरून, भरलेला माठ डोक्यावर असल्यासारखे, थेट न्हाव्याच्या दुकानात.

न्हाव्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीचा आधार घेऊन इतका हसला, की पडद्यापलीकडचं गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून डोकावलं.

‘हसतोस काय लेका! इथे माझ्या डोक्यावरून पाणी गेलंय!’

‘पाणी कुठलं, पाखरं गेलीत.’

‘अरे, उद्या ते तज्ज्ञ चिमट्यानं केस ओढून बघतील. अख्खा टोप हातात येईल त्यांच्या! आणि नाही आला, तर ती बिचारी बाई जगाला सांगत सुटणार, की पाखरू माणसाच्या डोक्यावर वाढतं. खोटं ठरलं की तिची छी-थू. माझ्यापायी!’

‘मग आत्ताच सांगून टाक.’

‘इतक्या वर्षांनी? लोक काय म्हणतील?’

न्हावी डोळे पुसत म्हणाला, ‘आणखी एक करता येईल. तो टोप नाल्यात फेकून दे आणि बाईला म्हणावं, पाखरं उडून गेली. विषय संपला.’

टोपकाकांनी आरशात पाहिलं. भांगाच्या कडेला, त्यांनी स्वतः गाठवलेल्या केसांच्या सावलीत, एक पाखरू पंख मिटून निवांत झोपलं होतं. नारिंगी झुबका भिंगाशिवाय दिसत नव्हता, पण तो तिथेच असणार. त्यांच्या हातच्या टोपात कुणी घर केलं होतं, पोरंबाळं वाढवली होती. असं कौतुक कुठल्या नटानं केलं होतं?

‘मी नाही यांच्या केसालाही धक्का लागू देणार,’ टोपकाका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते संग्रहालयात पोहोचले. पाखरूबाईंची खोली म्हणजे उथळ खणांची कपाटं, काचेच्या बरण्या आणि खिडकीशी एक मोठं टेबल. बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. टोपकाकांनी दार लावलं, कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला.

‘अहो, उजेड!’ बाई म्हणाल्या.

‘बाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. आजवर हे एका न्हाव्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही. तुम्ही बसून घ्या.’

‘मी बसलेलीच आहे.’

टोपकाकांनी डोळे गच्च मिटले, दोन्ही हात कानांपाशी नेले, आणि जन्मभराची झाकली मूठ एका झटक्यात उघडली. डोक्याला गार हवा लागली. मग पाखरूबाईंची किंकाळी आली:

‘अय्या! अळ्याच अळ्या!’

टोपकाकांनी डोळे उघडले. बाईंनी टोप कधीच त्यांच्या हातातून घेतला होता, टेबलावर उलटा ठेवला होता आणि त्यात जवळजवळ नाक खुपसलं होतं.

‘अस्तराच्या शिवणीत कोश आहेत! किती सुरेख! आणि हे रानबकरीचेच केस! म्हणजे सगळं जुळलं! मी रात्रभर विचार करत होते, जिवंत केसांवर कसं शक्य आहे, कसं शक्य आहे… उलट छानच झालं! तुमच्या डोक्याची ऊब मिळाली आणि धुरी लागली नाही, म्हणून वाचली बिचारी!’

टोपकाका वाट पाहत उभे राहिले. मग खाकरले.

‘बाई. माझं टक्कल.’

‘हो हो,’ बाई वर न बघता म्हणाल्या. ‘छान आहे. पडदा उघडता का जरा? आणि असे इकडे उभे राहा, इकडे. तुमच्यावरून उजेड चांगला येतोय.’

पहिल्यांदा टोपकाकांना जरा अपमानच वाटला. एवढ्या जन्माचं गुपित, आणि त्याची ही किंमत? आणि मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग ते खिडकीशी उभं राहून डोक्यावरचा उजेड टोपावर पाडत खदाखदा हसायला लागले. पाखरूबाईंनी वर पाहिलं. चकचकीत टोपकाका, उलटा टोप, त्यात वळवळणारी मंडळी. त्याही फुटल्या. दोघं इतकी हसली, की शेजारच्या खोलीतल्या दगडांच्या अभ्यासकानं दार ठोठावलं, आणि कडी आतून असल्यामुळे त्याचा भलताच गैरसमज झाला.

टोप अर्थातच तिथे राहिला, काचेच्या पेटीत, उबदार दिव्याखाली. दुपारी तज्ज्ञ आले आणि त्यांनी टोपाचेच फोटो काढले. टोपकाका तोवर घरी निघाले होते. बोडके.

रस्त्यावर पाऊल टाकताना त्यांनी मनाची तयारी केली. आता सगळे थांबतील, बोटं दाखवतील. फळवाला म्हणाला, ‘काका, उन्हाचं काही तरी घाला डोक्यावर.’ बस्स! टपालवाल्यानं नेहमीसारखा हात केला. शाळेची मास्तरीण म्हणाली, ‘अरे वा, मोकळं वाटत असेल ना?’ एका चौकापर्यंत येता येता टोपकाकांच्या ध्यानात आलं, की फसलं कुणीच नव्हतं. गावात एकच माणूस फसला होता, आणि तो सध्या फुटपाथवरून चालत होता. वाऱ्याची झुळूक डोक्यावरून सरकली. अशी गुदगुली झाली, की ते पुन्हा मागे गेले आणि त्याच कोपऱ्यावरून पुन्हा एकदा चालले.

घरी बायकोनं दार उघडलं. टोपकाकूंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पुन्हा वर.

‘अहो, टोप कुठे विसरलात?’

‘तुला माहीत होतं?’

‘लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून. तुम्ही कानटोपी घालून घोरता, आणि ती सरकते.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही नाही बोललात! मला वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग मजा वाटायला लागली. अस्तर उसवलं की कोण शिवतं वाटलं तुम्हाला? आपोआप शिवलं जातं होय? त्यात तुम्ही कसरीच्या भीतीनं ठेवलेली डांबरगोळ्यांची पुडीसुद्धा मीच काढून टाकली. जवळ बसलं की बंद कपाटात बसल्यासारखं वाटायचं.’

टोपकाकांनी बायकोचे दोन्ही हात धरले आणि तिला दारातच गरगर फिरवलं. ‘अगं, ती पुडी काढलीस म्हणून पाखरं वाचली! अख्ख्या देशाचं पाखरू तू वाचवलंस!’

‘कुठलं पाखरू? अहो, सोडा, भोवळ येतेय!’

सगळा किस्सा ऐकून टोपकाकू उंबऱ्यात बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग उठून नवऱ्याच्या डोक्याचा मुका घेतला. तिथे तो पहिलाच.

पाखरं वाढली. आधी पेटीत, मग एका मोठ्या काचेच्या खोलीत, आणि काही वर्षांनी, डोंगरात रानबकऱ्या पुन्हा दिसू लागल्यावर, त्यांतली थोडी तिकडच्या कपारींतही सोडली. त्यांच्या खाण्याची जबाबदारी टोपकाकांकडे आली. नुसते केस टाकले तर अळ्या दुर्लक्ष करायच्या, जाळीवर गाठवून दिले तर तुटून पडायच्या. निदान टोपकाकांचं तसं ठाम म्हणणं होतं. पाखरूबाई म्हणायच्या, त्याला पुरावा नाही. टोपकाका म्हणायचे, खानदानी गिऱ्हाईक आहे, पुरावा कशाला? दर ऋतूला ते एक नवा छोटा टोप करून नेत, बटा वगैरे काढून, आणि पाखरांनी त्याची चाळण केली की कौतुकानं घरी आणून बायकोला दाखवत.

डोक्यावर मात्र त्यांनी पुन्हा काही चढवलं नाही. न्हाव्याकडे जाणं सोडलं नाही; आता पडदा न ओढता बसायचे आणि डोक्याला तेल चोळून घ्यायचे.

पेटीतली पहिली पिढी कोशांतून बाहेर पडली, त्या दिवशी संध्याकाळी टोपकाका बायकोला घेऊन नदीकाठच्या बागेत गेले. तिथे आकाशाला टेकलेला एक फिरता पाळणा होता. ‘चल, बसू,’ ते म्हणाले. टोपकाकू म्हणाल्या, ‘या वयात?’ आणि तिकीट काढायला त्याच आधी धावल्या. पाळणा वर गेला. खाली घरांची कौलं, नाटकगृहाचं छप्पर, दूर डोंगरांची निळी रेघ. वर वारा असा सुटला होता, की समोरच्या पाळण्यातल्या एका गृहस्थाची टोपी भिरभिरत नदीत गेली. टोपकाकांनी दोन्ही हात सोडले आणि नाटकातल्या राजालाही जमली नसती अशी आरोळी ठोकली. टोपकाकूंनी एका हातानं दांडा धरला, दुसऱ्या हातानं नवऱ्याचा सदरा धरला, आणि खालच्या पाळणेवाल्याला ओरडून सांगितलं:

‘अहो, थांबवू नका! आणखी एक फेरी!’